दरबारी अत्तराची आणि सटवोजी गंध्याच्या निरोपाची बखर

श्रीवक्रतुंडास नमन असो, ज्याचें नाक सर्व देवांत थोर, म्हणोन नाकाच्या कथेस त्याजवांचून दुसरा साक्षी नाहीं. त्यामागें कुलस्वामिनीस नमन, आणि त्यामागें वाचणाराच्या धीरास नमन, कारण पुढील मजकूर लिहितां लिहितां लिहिणाराचाच धीर सुटला आणि दौत दोनदां भिंतीवर फेकावी ऐसें मनांत आलें. शके सोळाशें चौऱ्यायशीं, चित्रभानु नाम संवत्सरे, चैत्रमासीं एका राज्यांत ऐसें वर्तमान वर्तलें. राज्याचें नांव घेत नाहीं. घेतलें तर तेथील मानकरी आमचें नांव मागून कां लिहिलें आणि त्याचें पुढें कां लिहिलें म्हणोन भांडत दारीं येतील, आणि आल्यावर पान खाल्ल्याशिवाय जाणार नाहींत.

तर त्या राज्यांत तोंडानें निरोप देण्याची चाल नव्हती. दरबार भरावा, कामकाज व्हावें, आणि मग हुजुरांनीं भुवई हालविली म्हणजे गंध्यानें अत्तरदाणी घेऊन पुढें यावें, आणि एकेका मानकऱ्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर अत्तराचा फाया टेकवावा, आणि ज्यास फाया टेकला त्यानें उठून मुजरा करून आपले घरीं जावें. सर्वांशेवटीं हुजुरांस लावावें आणि हुजुरांनीं आंत महालांत जावें. धन्यानें 'जा' म्हणणें नाहीं, चाकरानें 'येतों' म्हणणें नाहीं. अत्तर लागल्यावर बसून राहणें म्हणजे धन्याचा निरोप झिडकारणें, आणि अत्तर न लागतां उठणें म्हणजे बेअदबी. तीन पिढ्या हा रिवाज चालला, आणि चालतां चालतां तेथील थोर माणसांच्या नाकाचा आणि गुडघ्याचा परस्पर सलोखा जडला. नाकास अत्तर कळलें कीं गुडघा उठे. मध्यें डोक्यास कोणी विचारीत नसे.

हा फाया टेकविणारा गंधी सटवोजी. वय साठीपलीकडे, अंगानें काटकुळा, मिशा पांढऱ्या, आणि स्वभाव सुंठीचा. पहांटे बागेंत जाऊन माळ्यांशीं भांडण केल्याविना त्यास दिवस उजाडल्यासारखें वाटत नसे. "फुलं पाण्यात बुडवून आणलीत काय रे? मला अत्तर करायचंय, कढी नाही!" ऐसें ओरडून तो अर्धी पाटी परत करी. मग तांब्याच्या देगेंत फुलें आणि पाणी घालून झांकण मातीनें लिंपावें, आणि वेळूच्या नळीनें वाफ शेजारच्या गार पाण्यांतील भपक्यांत, म्हणजे लांब मानेच्या भांड्यांत, उतरवावी, आणि भपक्यांत आधींच चंदनाचें तेल ठेवलेलें असावें, म्हणजे फुलाचा वास त्या तेलांत उतरून राहातो. जाळ मंद पाहिजे. जाळ अंमळ वाढला कीं फुलाचा वास जाऊन शिजल्या भाजीचा येतो, आणि तसें जाहलें म्हणजे सटवोजी सगळी देग उकिरड्यावर ओती आणि तो दिवस कोणाशीं बोलत नसे. तयार अत्तर चामड्याच्या कुपींत घालून महिनोन्महिने मुरवावें. हें सर्व करून तो म्हणे कीं अत्तर तीन वेळां बोलतें. लावतांच ओरडतें, तें खरें धरूं नये. घटकेनें नीट बोलतें, तें ऐकावें. आणि प्रहरानें जें हळूच सांगतें, तेंच त्याचें पोटांतलें. म्हणोन ज्यास अत्तर पारखणें आहे त्यानें हातास लावून गप्प बसावें. आतां वाचणारानें वरचा रिवाज आणि हा नियम एकापुढें एक ठेवून पाहावा, म्हणजे पुढें काय होणार तें कळेल, आणि सटवोजीची कींव येईल.

त्याच्या मनांत एकच गोष्ट होती, कीं घरीं जावें. घर चार मजलांवर ओढ्याकांठीं, केवड्याच्या बनाशेजारीं, आणि तेथें त्याची बायको म्हाळसाबाई चाळीस वर्षें एकटीनें संसार हाकीत होती. वर्षांतून दोनदां, दरबार बंद असतां, परत येण्याच्या बोलीवर पंधरा पंधरा दिवस, इतकाच तिला नवरा. सटवोजीचा आजा सुभानजी याच चाकरीवर होता, बाप हिरोजीही होता. दोघांनींही म्हातारपणीं विनंती केली होती कीं सरकार, आतां घरीं जाऊं द्यावें. सरकार म्हणाले होते, अवश्य जावें. परंतु त्या राज्यांत निरोप म्हणजे अत्तर, आणि अत्तर लावणार तो गंधी, आणि गंध्यानें आपल्याच हातास आपण फाया लाविला तर तो निरोप कसला, ती पळून जाण्याची फितुरी. दुसऱ्या कोणास लावण्याचा अधिकार नाहीं. तेव्हां पाहूं, विचार करूं, ऐसें म्हणतां म्हणतां आजा भट्टीपाशीं बसल्या जागीं वारला, आणि बापही तेथेंच वारला. सटवोजीस रोज देगेखालीं जाळ घालतांना ती जागा दिसे. तिसरा आपण, ऐसें भय त्याच्या पोटांत बसलें होतें, आणि तो जें सर्वांवर ओरडे त्यांतलें निम्में ओरडणें त्या भयाचें होतें.

फाल्गुनांत थोरले महाराज कैलासवासी जाहले आणि धाकटे गादीवर बसले. नव्या धन्याचा शिक्का नवा, छत्र नवें, आणि दरबारी अत्तरही नवें, ऐसा दंडक. थोरल्यांच्या वेळचें गुलाबाचें अत्तर कुप्यांसकट मातुश्री आईसाहेबांकडे पोंचतें केलें. मग सटवोजीनें संधि साधून विनंती केली, आणि धाकटे महाराज, जे वयानें बावीस आणि कबुतरांचे नादी, ते हातांतील कबुतर न सोडतां बोलिले, "सटवोजी, आधी आमचं अत्तर सर्व मानकऱ्यांकडून पसंत करून द्या. मग तुमच्या जाण्याचंही काही बघू." सटवोजीस वाटलें, दोन महिन्यांत घरीं. हाय हाय, काय ती आशा!

चैत्रांत दरबार भरला. सटवोजीनें गेल्या उन्हाळ्यापासून मुरत ठेविलेलें मोगऱ्याचें अत्तर काढिलें होतें, ऐसें कीं स्वतःच्याही अत्तरास कधीं बरें न म्हणणारा सटवोजी त्यास 'चालेल' म्हणाला होता. त्यानें सर्वांस हात जोडून सांगितलें कीं मायबाप, फाया लावितों, मग घटकाभर बसावें, आणि मग काय तें सांगावें. सर्वांनीं माना डोलाविल्या. पहिला मान सरलष्कर रंभाजीरावांचा. देह थोर, आवाज थोर, लढाईंत कधीं पाठ दाखविली नाहीं ऐसा माणूस. फाया हातास टेकला, मोगऱ्याचा वास आला, आणि रंभाजीराव उठून, मुजरा करून, दाराबाहेर. सटवोजी पाहतच राहिला. दुसऱ्यास लाविलें, दुसरा गेला. तिसऱ्यास लावितांना त्याचा खांदा दाबून धरिला, तर तो खांद्यासकट उठला आणि सटवोजीस दोन पावलें ओढीत घेऊन गेला. शेवटीं महाराजांस लाविलें, आणि महाराजही, "छान आहे, छान आहे" म्हणत आंत निघोन गेले. रिकाम्या सदरेवर सटवोजी आणि चोपदार इतकेच उरले. सटवोजी चोपदारास म्हणाला, "तू तरी सांग बाबा, कसं आहे?" चोपदार म्हणाला, "मला अत्तर लावायचा रिवाज नाही." सटवोजीनें कपाळास हात लाविला.

मग दिवाण भगवंतराव यांनीं मसलत केली. हे दिवाण शहाणे म्हणोन प्रसिद्ध, आणि चार घटकांनीं एकदां तपकीर ओढीत, त्यामुळें त्यांच्या नाकास गेल्या वीस वर्षांत तपकिरीखेरीज दुसरें कांहीं कळलेलें नव्हतें, परंतु अत्तरावर मत सर्वांआधीं देत. ते म्हणाले, "यात अवघड काय? दवंडी पिटू, की आजचं अत्तर निरोपाचं नव्हे, परीक्षेचं." दवंडी पिटली. दरबार भरला. सटवोजी फाया घेऊन रंभाजीरावांपुढें उभा राहिला, तों रंभाजीरावांनीं हात मागें घेतला आणि गरजले, "हे पाहा, अत्तर लागलं आणि मी बसून राहिलो, तर उद्या माझे भाऊबंद म्हणतील, सरलष्करानं धन्याचा निरोप नाकारला! माझ्या चुलत आजोबांना पायांत गोळा आला म्हणून अत्तरानंतर ते दोन श्वास बसले, तर त्यांची डावीकडची बैठक गेली ती आजवर परत आली नाही." दिवाण म्हणाले, "परंतु हे परीक्षेचं आहे." रंभाजीराव म्हणाले, "नाकाला काय कळतं परीक्षेचं का निरोपाचं?" आणि हें एकच वाक्य त्या वर्षभरांत दरबारांत कोणी शहाणपणाचें बोलिलें. मग मानाचा तंटा दोन प्रहर चालला, कीं बसावें तर पहिलें कोणीं बसावें, आणि बसल्यावर उठावें तर पहिलें कोणीं उठावें. शेवटीं दिवाणांनीं खूण केली आणि चोपदारानें सदरेचे दरवाजे बाहेरून ओढून घेतले. सटवोजीनें भराभर सर्वांस फाये लाविले. आतां बसतील, बसल्यावांचून जातील कोठें! तर सर्व मानकरी उठले, दारास तोंड करून ओळीनें मानाप्रमाणें उभे राहिले, आणि घटकाभर तसेच दाराकडे पाहात उभे. हाताकडे नाक कोणीं नेलें नाहीं. रंभाजीरावांनीं मात्र वाट पाहिली नाहीं, ते खिडकींतून उतरले, आणि खालीं कर्दळीचा वाफा होता तो मोडला, आणि माळ्यानें त्याचें खापर सटवोजीवर फोडिलें. दार उघडल्यावर सर्व मुजरा करून गेले. सटवोजी म्हणाला, "पालथ्या घड्यावर पाणी. पालथ्या घड्यावर पाणी!" आणि त्यानें अत्तरदाणी उशाशीं घेऊन सदरेवरच आडवें अंग टाकिलें.

बरें, इतक्यावर थांबावें! तर नाहीं. मानकऱ्यांनीं अत्तर घटकाभर हुंगिलें नव्हतें, तरी मत प्रत्येकास होतें. उचलली जीभ लावली टाळ्यास. रंभाजीराव म्हणाले, "मोगरा बायकी आहे. त्यात काही तरी लढाऊ घाला." सटवोजीनें विचारिलें, "लढाऊ म्हणजे काय घालू?" ते म्हणाले, "ते तुम्ही बघा, मी सरलष्कर आहे." दिवाणांनीं सांगितलें कीं केशर घालावें, कारण केशर महाग, आणि परक्या वकिलास राज्याची ऐपत वासावरून कळली पाहिजे. आईसाहेबांनीं आंतून निरोप पाठविला कीं थोरल्यांचा गुलाब होता तोच असावा, परंतु नवा असावा. जोशीबुवांनीं महाराजांच्या राशीस कापूर सांगितला. एका मानकऱ्यानें आपल्या मामेसासऱ्याच्या गांवीं उत्तम आंबे होतात म्हणोन आंब्याचा वास सुचविला. महाराजांनीं कबुतरांस दाणे टाकीत आज्ञा केली, "सर्वांचं थोडं थोडं घाला, म्हणजे कोणी रुसणार नाही." सटवोजी म्हणाला, "महाराज, सर्वांचं थोडं थोडं घातलं की भेळमिसळ होते, अत्तर होत नाही." महाराज म्हणाले, "मग घरी जाण्याचं राहू द्यायचं का?"  सटवोजीनें दांत खाऊन तें सर्व घातलें, आणि लढाऊ म्हणोन मिरवेल आणि मोहरीचा अर्क घातला. ज्येष्ठांत तें पंचायती अत्तर दरबारांत आणिलें. कुपीचें बूच काढितांच, फाया कोणास लागण्यापूर्वींच, सगळा दरबार एकदम उठला. महाराजांच्या महालावरील कबुतरें उडालीं तीं तीन गांवांपलीकडे मिळालीं. दिवाण भगवंतराव मात्र जागीं बसून म्हणाले, "वा! आता जमलं." सटवोजीनें तें अत्तर नेऊन परसांत खड्डा करून पुरलें. पुढें त्या जागीं पावसाळाभर गवत उगवलें नाहीं, ऐसें माळी सांगतात, परंतु माळी त्याजवर आधींच चिडलेले होते.

आषाढ गेला. सटवोजी भट्टीपाशीं बसे, जाळ घालीत नसे. बाप जेथें बसे त्याच दगडास पाठ टेकी. जेवण आणून ठेविलें तर परत जाई. घरीं जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर त्यानें म्हाळसाबाईस सांगावा धाडिला कीं माझी वाट पाहूं नये. त्यावर श्रावणांत म्हाळसाबाईच गाडी जुंपून, केवड्याचीं कणसें भरून, स्वतः येऊन दारीं उभी राहिली. ठेंगणी बाई, आवाज मात्र रंभाजीरावांच्या तोडीस उतरेल ऐसा. तिनें नवऱ्याकडे पाहिलें, विझल्या भट्टीकडे पाहिलें, आणि पदर खोचला.

"वाट बघू नको म्हंजे काय? चाळीस वर्सं बघितली, ती काय हौस म्हनून? का व्हय, काय झालंय येवढं?"

सटवोजीनें सर्व सांगितलें. दरवाजा बंद केलेला सांगितला, मोहरी सांगितली, कबुतरें सांगितलीं. शेवटीं तो म्हणाला, "अगं, एक माणूस घटकाभर बसत नाही. हाताला लावलं की चालला घराला. मी काय करू? सगळ्यांना घरी घालवता घालवता माझा बाप मेला, आजा मेला. मला कोण घालवणार?"

म्हाळसाबाईनें त्याचा हात धरून आपल्या नाकाशीं नेला, तो घरीं आल्यावर ती नेहमीं नेत असे तसा, आणि म्हणाली, "तुमी दरबारासाठी अत्तर करता, आन् ते लोक दरबारात ऱ्हातच न्हाईत. जानाऱ्याला कशाला धरून बसवता? जाऊ द्या की. तुमचा मोगरा मला ठावा हाय का? न्हाई. चार मजला येईस्तोवर मोगरा उडून जातो. तुमी दारात आलात की हाताला वाळ्याचा आन् चंदनाचा वास येतो. मी म्हनते, आलं मानूस. मला तेवढाच ठावा."

 सटवोजी एकदम उठला आणि माळ्यावर ओरडला कीं सरपण कोठें आहे, आणि त्याच्या त्या ओरडण्यानें सर्व भट्टीस हायसें वाटलें. जन्मभर आपण दरबाराकरितां अत्तर केलें, आणि तें तर वाटेवरचें, घरच्या उंबऱ्यावरचें अत्तर होतें, हें त्यास इतक्या वर्षांत सुचलें नव्हतें, आणि त्याचा त्यास स्वतःवर फार राग आला. त्या रागांत त्यानें काम मांडिलें. वाळ्याचीं मुळें भिजत घातलीं, आणि मंद जाळावर, ओरडणें कमी आणि पोटांतलें जास्त, ऐशा रीतीनें चंदनावर उतरविलीं, आणि म्हाळसाबाईच्या केवड्याची वाफ त्यावर केवळ एकदां फिरविली. कुपी भरून कोनाड्यांत ठेविली आणि फाल्गुनापर्यंत कोणास हात लावूं दिला नाहीं. दिवाण येऊन विचारीत, "झालं का?" सटवोजी म्हणे, "मुरतंय." दिवाण म्हणत, "मुरायला काय ते लोणचं आहे?" आणि तपकीर ओढून जात. म्हाळसाबाई गांवीं गेली नाहीं. "आता नेल्याबिगार जात न्हाई," म्हणोन तेथेंच चूल मांडून राहिली.

फाल्गुनांत राज्यारोहणास वर्ष भरलें आणि थोर दरबार भरला. सटवोजीनें कोणास बसा म्हटलें नाहीं, दारें लाविलीं नाहींत. फाया लाविला, मानकरी उठला, मुजरा केला, गेला. परंतु या वेळीं जातां जातां सर्वांनीं नाक मुरडलें. "याला वासच नाही!" "म्हातारा थकला." रंभाजीराव म्हणाले, "पाणी आहे नुसतं." महाराजही हाताकडे पाहात, "हं," ऐसें म्हणोन आंत गेले. दिवाण भगवंतराव थांबून बोलिले, "वाईट वाटून घेऊ नका सटवोजी. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू." पुढच्या वर्षीं! सटवोजी भट्टीवर जाऊन म्हाळसाबाईस म्हणाला, "गाडी सोड. बैलांना चारा घाल. मी इथंच राहणार." आणि ती रात्र त्यानें बापाच्या दगडापाशीं काढिली.

दुसरे दिवशीं सकाळीं, दरबार नसतां, बोलावणें नसतां, रंभाजीराव सदरेवर येऊन उभे. त्यांचा आवाज प्रथमच हळू. ते म्हणाले, "काल देवडीवर उतरलो, घोडा मोतद्दाराकडे दिला, उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि हाताला वास आला. उन्हातून आलेल्याला वाळ्याच्या पडद्याआडून कोणी हाक मारावी तसा. बायको म्हणाली, आज लवकर आलात का? मी रोजच्याच वेळेला आलो होतो. सटवोजी, मी कालपासून कोणावर ओरडलो नाही." मागोमाग दुसरे आले, तिसरे आले, आणि प्रत्येकजण तीच गोष्ट आपल्या घरचीच म्हणोन सांगूं लागला. दिवाण भगवंतरावही आले, आणि म्हणाले कीं सूनबाईंनीं सांगितलें कीं उत्तम आहे, आणि आपलें मत पहिल्यापासून तेंच होतें. आईसाहेबांचा निरोप आला कीं काल महाराज आंत आले तेव्हां क्षणभर वाटलें, तेच आले. गुलाब नव्हता, तरी तेच. ऐसें सर्वांच्या एकमतानें अत्तर पसंत जाहलें, आणि त्या राज्यांत सर्वांचें एकमत होण्याचा हा पहिला आणि शेवटचा प्रसंग.

मग महाराजांनीं दरबार भरवून जाहीर केलें आणि सटवोजीस विचारिलें कीं काय इनाम पाहिजे. सटवोजी म्हणाला, "घर पाहिजे, महाराज. माझं, आहे तेच." आणि येथें पुनः जुनी अडचण! दिवाणांनीं सर्व जुने दाखले काढिले. गंध्यास निरोप दिल्याचा दाखला नाहीं. स्वतः लावावें तर फितुरी. सटवोजीचा थोरला भाचा संताजी, जो चाकरीवर यायचा होता, त्यानें लावावें तर तो अजून नेमलेला नाहीं, आणि नेमावा तर सटवोजी गेल्यावांचून जागा मोकळी नाहीं. यावर वाद सुरू जाहला. म्हाळसाबाई सदरेच्या दारांत उभी होती, तिनें कपाळ बडविलें. सटवोजी एकेकाचें तोंड पाहात उभा होता, आणि त्याच्या तोंडावर प्रथमच राग नव्हता, आणि तें पाहवेना.

तेव्हां महाराजांनीं हातांतील कबुतर चोपदाराकडे दिलें, जें त्यांनीं कधीं कोणाकडे दिलें नव्हतें, आणि गादीवरून उतरून आले. म्हणाले, "वर्षभर मी तुम्हांला उगाच अडवलं. अत्तर पसंत केलं की तुम्ही जाल, हे मला माहीत होतं. मी लहान असल्यापासून दरबार संपल्यावर इथं शेवटी तुम्हीच उरत होता." मग धन्यानें स्वहस्तें अत्तरदाणींतला फाया उचलिला. आधीं धरिला तो उलटा, मग सुलटा केला, आणि अत्तर इतकें घेतलें कीं बाहीपर्यंत ओघळलें. सटवोजीच्या तोंडून संवयीनें गेलें, "अहो, टेकवायचा असतो, पुसायचा नसतो!" महाराज म्हणाले, "चुकलं," आणि फाया त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर टेकविला.

आतां सटवोजीनें मुजरा करून जावें. तर सटवोजी मट्कन खालीं बसला. जन्मांत त्यास निरोपाचें अत्तर लागलें नव्हतें, त्याच्या गुडघ्यांस रिवाज ठाऊक नव्हता. तो हात नाकाशीं धरून डोळे मिटून बसला, आणि सर्व दरबार उभा. धन्याचा निरोप लागल्यावर बसलेला माणूस त्या राज्यांत त्या दिवशीं सर्वांनीं प्रथम पाहिला. रंभाजीराव खालीं बसले. मग दुसरे बसले. महाराजही तेथेंच जमिनीवर बसले. घटकाभर कोणी हाललें नाहीं. वर्षभर ज्यासाठीं सटवोजीनें घसा कोरडा केला, तें त्या दिवशीं न सांगतां घडलें. शेवटीं दारांतून म्हाळसाबाईचा आवाज आला.

"अवो, उठा की आता! चाळीस वर्सं जगाला उठवलं, आन् स्वतःची पाळी आली तर बसलाय! बैल जुंपून उभे हाईत!"

तेव्हां सटवोजी उठला, त्यानें मुजरा केला, आणि पाठ न दाखवितां दारापर्यंत गेला. चौथ्या मजलेस ओढा उतरून गाडी केवड्याच्या बनापाशीं आली, तों त्यानें सुकल्या बाहीसकट पुनः हात नाकाशीं नेला. म्हाळसाबाईनें विचारिलें, "आला का वास?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चंदन अंमळ जास्त पडलंय. पुढच्या खेपेला कमी करीन." ती म्हणाली, "पुढची खेप न्हाई. घर आलंय, उतरा." आणि तो उतरला, आणि उंबऱ्यावर उभा राहून, मिशा ओल्या होईतों रडला.

एवंच, गंधी गेला, अत्तर राहिलें. मानकरी अद्याप फाया टेकतांच उठतात, दिवाणांचें मत अद्याप सर्वांआधीं येतें, आणि माळी अद्याप फुलें भिजवून आणितात. इतकेंच नवें, कीं त्या राज्यांत गंधी म्हातारा जाहला म्हणजे धनी खालीं उतरून त्याच्या हातास अत्तर लावितो, आणि भट्टीपाशींचा तो दगड आतां रिकामा असतो. लिहिणाराचा उजवा हातही बराच वेळ पुढें धरलेला आहे. कोणी फाया टेकवील तर बरें.